चौथी फेरी

“तोरण्या सैल सोडा, मी हाय न्हवं!” अण्णा ओरडले, मान वर करून त्यांनी काठीच्या शेंड्याकडे बघितलं आणि मटकन खाली बसले.

पस्तीस फुटी बांबू तो. वर मोरपिसांचं मोरचेल, अंगाला तांबडं-पांढरं कापड. तोरण्या म्हणजे काठीला बांधलेले चार लांब दोर. ते धरणारे चौघे सावध होते म्हणून बरं, नाहीतर भैरोबाच्या देवळाचा पत्रा गेला असता. काठी आडवी केली, कुणी तांब्यातून पाणी आणलं. अण्णा दोन्ही तळवे जमिनीला टेकून बसले होते. डोळे घट्ट मिटलेले, कपाळावर घाम.

“काय झालं अण्णा?” मी विचारलं.

“गरगरलं रं. समदं देऊळ फिरलं.”

“ऊन लागलं असेल.”

“ऊन कुटाय अजून?”

खरंच नव्हतं. सकाळचे सात वाजले होते. फाल्गुन अर्धा सरला होता आणि पाडवा पंधरा दिवसांवर आला होता.

येरळा नदीकाठच्या आमच्या गावात भैरोबाची काठी भावकीतल्या धाकट्या पातीची, म्हणजे आमच्या घराची. आजोबांनी नाचवली, वडिलांनी नाचवली, आणि वडील थकल्यावर बावीस वर्षं माझ्या थोरल्या भावानं, निवृत्तीअण्णांनी. कमरेच्या जाड चामडी पट्ट्यात काठीचा बुडखा बसवायचा, दोन्ही हात नुसते आधाराला, आणि नजर शेंड्यावर. हे शेवटचं महत्त्वाचं. वडील सांगायचे, शेंडा कुठे कलतोय ते डोळ्याला आधी कळतं, हाताला नंतर. म्हणून आमच्या घरातल्या पोरांना लहानपणी कळकाची काटकी तळहातावर उभी करून अंगणभर चालायला लावायचे. मला ते कधी जमलं नाही. अण्णा काटकी घेऊन विहिरीच्या पायऱ्या उतरायचे.

यात्रा पुढे भर चैत्रात, पण खरी परीक्षा पाडव्याला. त्या दिवशी पंचांच्या समोर काठी उभी करून देवळाला पाच फेऱ्या घालायच्या. मोरचेल जमिनीला टेकलं तर काठी थोरल्या पातीकडे जाते, आणि एकदा गेली की परत मागायची नाही, अशी रीत. थोरल्या पातीचा प्रल्हाद तिशीचा, चांगला तगडा. त्या सकाळी तोच एक तोरणी धरून होता, आणि अण्णांना उठवायला सगळ्यांत आधी तोच धावला.

“नजर कमी झाली निवृत्ती,” देवळाचे पुजारी सोपान गुरव म्हणाले. “दुसरं काय? वर बघितलं आन् फिरलं.”

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

कारण नजरेचं खातं माझं. विट्याला माझं चष्म्याचं दुकान. मिरजेला एका दुकानात नऊ वर्षं काचा घासल्या, हळूहळू नंबर काढायला शिकलो, मग कर्ज काढून स्वतःचं मशीन घेतलं. दुकानाच्या पाटीवर कुठेही डॉक्टर असं लिहिलेलं नव्हतं. पण गाव मला डाक्टर म्हणायचं, आणि मी एकदाही कुणाला दुरुस्त केलं नाही.

“घेऊन जातो की दुकानात,” मी म्हणालो. “डोळ्यांचंच आहे. चार दिवसांत ताळ्यावर आणतो.”

अण्णांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून हसले. त्यांची भीती निम्मी तिथेच गेली. मला त्या वेळी फार बरं वाटलं होतं.

*

दुकानात त्यांना स्टुलावर बसवलं, हनुवटी मशीनवर टेकवायला लावली, अक्षरांचा तक्ता वाचून घेतला. दूरचा नंबर अगदी थोडा निघाला, जवळचा त्यांच्या चोपन्न वर्षांच्या वयाला साजेसा. खरं तर एवढ्या नंबरानं कुणाला देऊळ फिरताना दिसत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण नंबर निघाला होता ना, मग मला तेवढं पुरलं. मी त्यांना दोन भिंगांचा भारी चष्मा करून दिला. फ्रेम दुकानातली सगळ्यांत चांगली. भावाकडून पैसे कसले घ्यायचे!

आठ दिवसांनी ते परत आले ते दाराच्या चौकटीला धरून.

“पायरी हाय तितं दिसंना बग. आन् गरगरतंय त्ये गरगरतंयच.”

“सवय व्हायला लागते अण्णा. खालच्या भिंगातून पायरी बघायची नसते.”

“बरं.”

“वर बघितल्यावर कसं वाटतं?”

“वर बघितलं की संपलंच.”

मी नंबर बदलला. दुसरा चष्मा नुसता लांबचा केला. तीन दिवसांनी ते पुन्हा आले, आणि या खेपेला हौसावैनी बरोबर होत्या. वैनी विट्याला दवाखान्यातसुद्धा फारशा यायच्या नाहीत. त्या दुकानाच्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या. मी खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. दुकानात तेव्हा तीन-चार गिऱ्हाइकं होती, त्यांतले एक शाळेतले निवृत्त मास्तर.

“भावजी,” वैनी म्हणाल्या, “ह्येंचं काय तरी येगळंच हाय. झोपंत डाव्या कुशीवर वळलं की दचकून उठून बसत्यात. भिंतीला टेकून झोपत्यात हल्ली.”

“अण्णा, खरं?”

“व्हय रं. कूस बदलली की खाट फिरती. डोळं तर मिटल्यालंच असत्यात तवा.”

डोळे मिटलेले असतात. हे त्यांनी मला सांगितलं. स्पष्ट, माझ्या दुकानात, माझ्या मशीनसमोर बसून सांगितलं. डोळे मिटलेल्या माणसाला चष्म्याचा काय उपयोग, एवढा साधा प्रश्न मला पडला नाही. पडला असेलही, पण मी त्याला उभं राहू दिलं नाही.

“अशक्तपणा असेल,” मी म्हणालो. “तालमीचा ताण पडतोय.”

वैनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, “माझी थोरली भैन मिरजंला हाय न्हवं, कानाच्या दवाखान्यात आया म्हणून. ती म्हणली, असलं लई येत्यात आमच्याकडं. ह्ये कानाचं असतंय. मान वळवून आडवं करत्यात आन् बरं व्हतंय. येकदा न्हेऊ का ह्यास्नी?”

मला राग आला. एवढे चष्मे घासून, मशीन घेऊन, दोनदा काचा बदलून मी इथे उभा, आणि मिरजेची आयाबाई मला शिकवणार! पण रागावलो नाही. रागावण्यापेक्षा वाईट केलं. चेष्टा केली.

“वैनी,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “काठीचा शेंडा आता कानानं बघायचा व्हय? मग मास्तर, तुमच्या कानाला पण एक चष्मा करून देऊ का?”

मास्तर खो खो हसले. गिऱ्हाइकं हसली. अण्णाही हसले, जरा उशिरा. मग बायकोकडे बघून म्हणाले, “बग, डाक्टर म्हणतोय डोळं, तर डोळंच. तुझ्या भैनीला काय कळतंय.”

वैनींनी पदराचा पीळ सोडला. मी तिसरा चष्मा केला. यात्रेच्या गर्दीत पडू नये म्हणून त्याच्या काड्यांना मागून काळी दोरी बांधून दिली.

*

पाडव्याला उन्हं डोक्यावर आली तेव्हा सगळं गाव देवळापाशी जमलं होतं. हलगी कडाडत होती, पोरं गुलालाच्या मुठी भरत होती. पाच पंच देवळाच्या बाजूच्या, पुढचं-मागचं दोन्ही दिसणाऱ्या ओट्यावर बसले होते, सोपान गुरव त्यांच्या मधोमध. वैनी निरंजन घेऊन पायरीवर उभ्या. मी नवीन पांढरा शर्ट घालून पंचांच्या शेजारी.

अण्णांनी पट्टा बांधला, माझा चष्मा डोळ्यांवर घट्ट बसवला, दोरी मागे गाठ मारून आवळली. चौघांनी काठी उभी केली. बुडखा पट्ट्यात बसला. “भैरोबाच्या नावानं चांगभलं!” एवढा आवाज झाला की कावळे उडाले.

पहिली फेरी. अण्णा चालायला लागले, आणि माझ्या लक्षात आलं की ते वर बघत नाहीयेत. मान सरळ. नजर समोर, माणसांच्या डोक्यांच्या उंचीवर. आंधळा माणूस ओळखीच्या वाटेवर चालतो तसे सावकाश, पाय घासत, ओठ घट्ट मिटून. दोन्ही हात बांबूवर अगदी हलके.

काठी सरळ उभी होती.

दुसरी फेरी. तोरण्या धरणाऱ्यांना ओढायला काही लागतच नव्हतं. नुसते दोर धरून ते बाजूनं चालत होते. प्रल्हादनं एकदा माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या, म्हणजे, बघताय न्हवं? वडिलांच्या हातातही मी काठी इतकी निश्चल बघितली नव्हती.

पण ओट्यावर कुजबूज सुरू झाली.

“निवृत्ती वर का बघंना?”

“शेंडा न बघता काठी? ह्ये कवा बघितलं न्हाई.”

“भ्यालाय.”

तिसरी फेरी संपली. देवळाच्या मागच्या बाजूनं अण्णा पुन्हा पुढे आले. शर्ट पाठीला चिकटला होता, पण चेहऱ्यावर काहीतरी आलं होतं. आनंद नव्हे, पण आनंद होण्याच्या आधी असतं तसं काहीतरी. वैनींनी निरंजन खाली ठेवून दोन्ही हात जोडले होते.

सोपान गुरव माझ्याकडे वळले. “डाक्टर, चष्मा दिला म्हणता न्हवं तुमी? मग वर बघाय का घाबरतोय त्यो? का चष्मा लागला न्हाई?”

शेजारचा एकजण फिस्सकन हसला.

आता मी जे सांगतोय ते सांगायला मला अजून जड जातं. काठी नीट चालली होती. तीन फेऱ्या झाल्या होत्या, दोन उरल्या होत्या. त्या क्षणी माझ्या भावाला माझी काहीएक गरज नव्हती. पण माझ्या चष्म्यावर कुणीतरी हसलं होतं.

मी ओट्यावरून पुढे झालो आणि ओरडलो, “अण्णा! वर बघा! शेंडा बघा!”

चौथी फेरी निम्मी झाली होती. हलगीच्या आवाजातही माझा आवाज त्यांनी ओळखला. त्यांची पावलं थांबली. मला आजही ते दिसतं: त्यांनी एक श्वास घेतला आणि मान मागे टाकून वर बघितलं.

मग त्यांचे गुडघे वाकले. काठी डाव्या अंगाला गेली, प्रल्हादनं तोरणी ओढली, तळहाताची साल गेली त्याची, पण भार आवरला नाही. शेंडा लिंबाच्या फांद्यांत घुसला, क्षणभर अडकला, आणि फांदी मोडून मोरचेल मातीत आलं. हलगी थांबली. अण्णा गुडघ्यांवर आणि हातांवर होते आणि ओकत होते. चष्मा दोरीमुळे तसाच डोळ्यांवर.

“टेकली,” सोपान गुरव हळू आवाजात म्हणाले. त्यांनाही आनंद झाला नव्हता.

मी धावत गेलो. आणि पाठीवरून हात फिरवता फिरवता त्यांना काय म्हणालो असेन? म्हणालो, “पहिल्यापासून शेंडा बघायला पाहिजे होता अण्णा. एकदम बघितल्यावर असं होणारच.”

“व्हय,” अण्णा म्हणाले.

उठता आलं तसे ते उठले. स्वतःच्या हातानं कमरेचा पट्टा सोडला, प्रल्हादला जवळ बोलावलं आणि त्याच्या कमरेला बांधला. गाठ दोनदा तपासली. प्रल्हाद रडत होता. अण्णा नाही.

वैनी माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

“भावजी, त्यास्नी घरला न्ह्या,” एवढंच म्हणाल्या.

*

त्यानंतर आठ वर्षं गेली. अण्णा यात्रेच्या दिवशी मळ्यात जाऊन बसायचे. गरगरणं महिना-दोन महिने थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. नारळाच्या झाडावर चढणं सोडलं, माळ्यावरची भांडी काढणं सोडलं. खाली बघून चालायला लागले. गावाला वाटलं, काठी गेल्याच्या लाजेनं. मलाही तसंच वाटायचं. भैरोबाची मर्जी फिरली, असं म्हातारी माणसं म्हणायची, आणि अण्णाही हळूहळू तेच म्हणायला लागले. सहाव्या वर्षी वैनी काविळीनं गेल्या. माझं दुकान चांगलं चाललं होतं.

एका सकाळी दुकान उघडल्यावर वरच्या फळीवरचा फ्रेमचा खोका काढायला मी हात उंच केला, मान वर केली, आणि दुकान फिरलं. काउंटरला धरलं म्हणून पडलो नाही. मिनिटभरात थांबलं. मी पहिल्यांदा काय केलं, तर स्वतःच स्टुलावर बसून स्वतःचे डोळे तपासले. नंबर होता तोच होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे कूस बदलली तर पलंग फिरला. डोळे मिटलेले होते.

मी उठून बसलो. बायकोनं विचारलं, काय झालं. मला आठ वर्षांपूर्वीचं एक वाक्य ऐकू येत होतं. त्याच दिवशी मिरजेला गेलो.

कानाच्या डॉक्टर मुजावर पस्तिशीच्या, चटपटीत बाई. त्यांनी मला तपासणीच्या लांब बाकावर बसवलं, मान एका बाजूला वळवली आणि म्हणाल्या, “आता मी तुम्हाला पटकन आडवं करणार. घाबरायचं नाही. डोळे मिटायचे नाहीत, माझ्याकडे बघायचं.”

आडवं केलं. खोली फिरायला लागली. त्या माझ्या डोळ्यांत वाकून बघत होत्या.

“झालं. उजवा कान,” त्या म्हणाल्या.

“डोळ्यांत बघून कान कळला?”

“बुबुळं थरथरतात ना. कुठल्या बाजूला मान वळवल्यावर आणि कशी थरथरतात, त्यावरून कान कळतो. पण त्यासाठी माणसाला आडवं करावं लागतं. बसवून बघितलं तर काही दिसत नाही.”

तीस वर्षं मी लोकांच्या डोळ्यांत बघत होतो. एकालाही कधी आडवं केलं नव्हतं.

त्यांनी माझी मान हळूच दुसरीकडे वळवली, मला कुशीवर घेतलं, थांबल्या, मग उठवून बसवलं. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील. मग भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे बोट दाखवून समजावलं: कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या बारीक नळ्या असतात. चुन्यासारखे अगदी बारीक कण जागा सोडून त्यांत शिरतात. मान कलली की ते घरंगळतात, आणि आपण फिरतोय असं वाटतं.

“वर बघितलं की?” मी विचारलं.

“वर बघितलं की हमखास.”

“आणि समजा, वर बघितलंच नाही तर? मान सरळ ठेवून माणूस चालला तर?”

“मग बहुतेक काही होत नाही. पुष्कळ पेशंट आपोआप शिकतात. वर्षानुवर्षं वर बघतच नाहीत, खाली बघून चालतात. का हो? काय झालं? परत फिरतंय का?”

“नाही,” मी म्हणालो. “बरं वाटतंय.”

*

अण्णांना तयार करायला चार दिवस लागले. “आता कशाला? मला काय काठी न्ह्यायची हाय?” एवढंच म्हणायचे. शेवटी मी म्हणालो, “माझ्यासाठी चला.” मग आले.

डॉक्टरबाईंनी सगळं विचारून घेतलं. लिहिता लिहिता म्हणाल्या, “आणि हा चष्मा? नीट दिसतं का यातून?”

तोच तिसरा चष्मा. काळ्या दोरीसकट.

“दिसतं की,” अण्णा म्हणाले. “माझ्या भावानं दिलाय. डाक्टर हाय त्यो.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे बघितलं.

चष्मा काढून त्यांना आडवं केलं. डावीकडे मान वळवल्यावर अण्णांनी बाकाची कड पकडली आणि आई गं म्हणाले. मी जवळ जाऊन वाकून बघितलं. बुबुळं थरथरत होती. त्या डोळ्यांत मी तीनदा मशीन लावून बघितलं होतं. मग मान उजवीकडे, मग उजव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, थोडं थांबायचं, मग उठून बसायचं. पुन्हा एकदा सगळं तसंच. दुसऱ्या खेपेला त्यांनी कड धरली नाही.

“झालं काका,” बाई म्हणाल्या. “आता वर बघा.”

अण्णा हलले नाहीत.

“बघा की. काही होणार नाही.”

अण्णांनी हळूच माझ्याकडे मान वळवली. बासष्ट वर्षांचा माझा थोरला भाऊ लहान पोरासारखा मला विचारत होता, “यशा, बघू का?”

मी त्यांचा हात धरला.

त्यांनी श्वास घेतला. तसाच, तेवढाच. आणि मान मागे टाकून वर बघितलं. छताला पंखा होता. ते बघत राहिले, बघतच राहिले.

“निस्ता पंखाच फिरतोय,” म्हणाले.

बाहेर आलो तेव्हा त्यांना चहा हवा होता. स्टँडसमोरच्या टपरीवर बाकड्यावर बसलो. मी ठरवून आलो होतो की विचारायचं नाही, आणि विचारलं.

“अण्णा, त्या दिवशी तुम्ही मुद्दाम वर बघत नव्हता ना?”

“कवा?”

“पाडव्याला.”

त्यांनी बशीत चहा ओतला. “व्हय. तालमीत घावलं हुतं मला. मान सरळ ठिवली की फिरत न्हाई. आन् शेंडा कुटं चाललाय त्ये पट्ट्यात कळतं की. भार ज्या अंगाला येतोय, तिकडं पाय टाकायचा. हौसीला सांगितलंवतं निस्तं. ती म्हणली, कुणाला सांगू नगासा, निस्त्या पाच फेऱ्या घाला.”

“तीन झाल्या होत्या.”

“साडेतीन.”

“मग पाचही झाल्या असत्या.”

“झाल्या असत्या.”

“मग अण्णा, वर कशाला बघितलं?”

ते माझ्याकडे जरा नवलानंच बघायला लागले. हे काय विचारायचं झालं, असं.

“तू हाक मारलीस,” ते म्हणाले. “म्हणलं, तुला काय तरी ठावं असंल.”

त्यांच्या आवाजात बोल लावणं नव्हतं. असतं तर मी काही उत्तर दिलं असतं, माफी मागितली असती, रडलो असतो. ते नुसतं झालं ते सांगत होते. वैनीही आता नव्हत्या, ज्यांच्यापुढे जाऊन काही कबूल करावं. माझा चहा तसाच राहिला.

स्टँडात गाडी लागली. अण्णांनी चष्मा धोतराच्या सोग्यानं नीट पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला, दोरी मागे सारली, आणि गाडीवरची पाटी वाचायला मान वर केली.

“विटाच हाय,” म्हणाले. “चल.”